पाटी खालीं येते तेव्हां

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण मी लहानपणापासून घरांत ऐकत आलों. आणि पुढें त्याच पायरीवर ४५ वर्षें उभा राहिलों. आतां सनद गुंडाळून ठेविली आहे. तरीही या सदराच्या वाचकांपैकीं कोणी ना कोणी पत्रानें विचारतात कीं, एवढ्या दीर्घ वकिलींत इतरांना सांगण्यासारखें आपणांस काय सांपडलें? या खेपेस एका वाचकभगिनीनें हा प्रश्न अधिक नेमका करून पाठविला आहे. त्यांच्या यजमानांचें भावाच्या भागीदारींत दुकान आहे, धाकटे बंधू कारखान्यांत नोकरीस आहेत आणि चिरंजीव नुकतेच डॉक्टर झाले आहेत. "या तिघांपैकीं कोर्टाचें भय सर्वांत अधिक कोणी बाळगावें?" असें त्या विचारतात.

योगायोग असा कीं, माझें बहुतेक आयुष्य याच तीन प्रकारच्या प्रकरणांत गेलें. व्यापाऱ्यांचे तंटे, नोकरींतील वाद आणि डॉक्टरांच्या नोंदणीचीं प्रकरणें. खुनाच्या खटल्यासारखी गर्दी येथें जमत नाहीं, वर्तमानपत्रांतही चार ओळींवर मजल जात नाहीं. परंतु माणसाची रोजची भाकरी आणि चार लोकांतील त्याचें नांव, हीं दोन्ही अशा प्रकरणांत पणास लागलेलीं असतात.

प्रथम दुकान घेऊं. भाऊ-भाऊ एकत्र धंदा करूं लागले म्हणजे आपल्याकडे कागद करणें हा अविश्वास समजला जातो. १९३२ च्या भागीदारी कायद्यानें पेढीची नोंदणी सक्तीची केलेली नाहीं. मात्र कलम ६९ अन्वयें नोंदणी नसलेल्या पेढीला आपल्या करारांतील हक्कासाठीं परक्यावर दावा लावतां येत नाहीं, व भागीदारासही पेढीवर किंवा दुसऱ्या भागीदारावर तो लावतां येत नाहीं. मूळ कायद्यानें एक खिडकी तेवढी उघडी ठेविली होती. पेढी मोडावी आणि हिशेब व्हावा, एवढ्यापुरता दावा नोंदणीवांचूनही चाले. १९८४ सालीं महाराष्ट्रानें दुरुस्ती करून ती खिडकीही लावून घेतली.

त्यानंतरच्या काळांत दोघां भावांपैकीं धाकटा माझ्याकडे आला. पत्नीचे दागिने मोडून त्यानें दुकानांत रक्कम घातली होती. बेबनाव झाल्यावर थोरल्यानें वह्या कपाटांत ठेवून किल्ली खिशांत घातली. दावा लावावा तर नोंदणी हवी. नोंदणीच्या अर्जावर सर्व भागीदारांच्या सह्या हव्यात. आणि थोरले बंधू सही करीनात! शेवटीं मामांच्या मध्यस्थीनें जें पदरीं पडलें तें घेऊन तो बाहेर पडला. पुढें २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. निकाल वाचून मला समाधान वाटलें. परंतु तो वाचतांना डोळ्यांपुढें त्या गृहस्थाचा चेहरा उभा राहिला. त्याला या निकालाचा काडीचाही उपयोग नव्हता. भांडण नसतांना, दोघे एका ताटांत जेवत होते त्या दिवसांत, एक अर्ज भरून सही घेतली असती तर त्याला निकालाची वाट पाहावी लागली नसती.

आतां नोकरी. येथें मालक व नोकर दोघेही कागदावर सही करतात, पण बहुधा एकच जण तो वाचतो. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याचें प्रकरण प्रसिद्ध आहे. टायरला लागणारा धागा काढण्याची विद्या परदेशी कंपनीकडून घेतलेली होती. ती शिकविलेल्या एका पर्यवेक्षकानें पांच वर्षांचा करार केला, आणि मुदत संपण्यापूर्वींच तो प्रतिस्पर्धी कारखान्यांत गेला. त्याचें म्हणणें असें कीं, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणें धंद्यास आडकाठी करणारा करार शून्य होय. १९६७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. कराराच्या मुदतीपुरतें घातलेलें वाजवी बंधन हें अशी आडकाठी होत नाहीं, असा निकाल झाला. पण नोकरी संपल्यावरही "अमुक वर्षें अमुक धंदा करूं नये" म्हणून पाय बांधूं पाहणारें कलम याच कायद्यापुढें टिकत नाहीं, हें तत्त्वही आपल्या न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. मुदतीच्या आंतील बंधन आणि मुदतीनंतरचें बंधन यांतील हा भेद किती तरी हुषार इंजिनियरांना मीं सही झाल्यानंतर समजावून सांगितला आहे.

नोकरीच्या वादांत निलंबनाइतकी जीवघेणी गोष्ट दुसरी नाहीं. मनुष्य दोषी ठरलेला नसतो, निर्दोषही नसतो. आणि घरचा वाणी तर दोन्हींची वाट पाहत नाहीं. म्हणून चौकशी चालू असेतों निर्वाहभत्ता द्यावा लागतो. आपल्या राज्याच्या सेवानियमांत एके काळीं अशी तरतूद होती कीं, खालच्या कोर्टांत शिक्षा झालेल्या निलंबित नोकरास अपील चालू असतांना महिना नाममात्र १ रुपया भत्ता मिळावा. एका रुपयांत निर्वाह! १९८३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही तरतूद रद्द केली. अपील करण्याचा हक्क द्यावयाचा आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत जगण्याचें साधन काढून घ्यावयाचें, यांत हक्काची थट्टा होते. एवढें समजण्यास कायद्याची पदवी लागत नाहीं.

तिसरा प्रकार डॉक्टरांचा. पदवी मिळाली म्हणजे डॉक्टर झाला, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः व्यवसाय करण्याचा अधिकार पदवीनें नव्हे, नोंदणीनें येतो. इंग्लंडांत १८५८ च्या कायद्यानें डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. मुंबई इलाख्यासाठीं १९१२ मध्यें तसा कायदा झाला. आज २०१९ चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा व राज्यांच्या परिषदा हें काम पाहतात. या वहीचा हेतु मुख्यतः रोग्याचें रक्षण हा आहे. मुंबईंत १९९२ सालीं होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या एका वैद्यानें तापाच्या रोग्यास ॲलोपॅथीचीं औषधें दिलीं व तो रोगी दगावला. ज्या पद्धतीचें शिक्षण नाहीं तींत हात घालणें हाच निष्काळजीपणा, असें ठरवून १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या विधवेस ३ लाख रुपये भरपाई देवविली.

परंतु वहींतून नांव काढण्याचा अधिकार हें शस्त्र आहे, आणि शस्त्रास मूठ असावी लागते. लंडनचे डॉ. ॲलिन्सन हे कोंड्यासहित गव्हाच्या पावाचे मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या नांवाचा पाव पुढें इंग्लंडांत घरोघर गेला. जाहिराती करून इतर डॉक्टरांच्या औषधांची निंदा केल्याबद्दल १८९२ मध्यें त्यांचें नांव वहींतून गेलें, आणि १८९४ मध्यें अपील कोर्टानेंही तें कायम केलें. समव्यवसायी सज्जनांस जें लांच्छनास्पद वाटेल तें गैरवर्तन, हा मापदंड तेथून रूढ झाला. मापदंड समव्यवसायींच्या हातीं दिला, तरी माप घेण्यापूर्वीं ऐकून घेतलें पाहिजे. १९४३ मध्यें इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें एक प्रकरण आलें. घटस्फोटाच्या दाव्यांत एका डॉक्टरावर ठपका आला होता. तो खोटा आहे असा पुरावा तो परिषदेपुढें मांडूं पाहत होता. परिषदेनें तो ऐकण्याचें नाकारून नांव काढलें. हाउस ऑफ लॉर्ड्सनें निर्णय दिला कीं, ही योग्य चौकशीच नव्हे.

हा निकाल मला तोंडपाठ होता. तरी ज्या प्रकरणांत त्याची खरी गरज पडावयास हवी होती, तेथें तो मजमुळेंच निरुपयोगी झाला. ती हकीकत मीं आजवर लिहिली नव्हती.

तालुक्याच्या गांवीं एका तरुण डॉक्टरानें दवाखाना काढला. पाटी रंगविणाऱ्यास त्यानें चिठ्ठीवर नांव, पदवी व नोंदणी-क्रमांक लिहून दिला. मुलगा मोठ्या इस्पितळांत सहा महिने हृदयविकाराच्या विभागांत होता, हें त्या रंगाऱ्याच्या कानावर आलेलें. पाटीवर जागा उरली म्हणून त्यानें आपल्या बुद्धीनें "हृदयविकार तज्ज्ञ" हे शब्द घातले! डॉक्टरानें आठ दिवसांत ते पुसविले. पण तेवढ्यांत कोणीं तरी छायाचित्र काढून तक्रार केली. परिषदेची नोटीस आली. मूळ चिठ्ठी व रंगाऱ्याची पावती घेऊन तो माझ्याकडे आला. मीं दोन्ही कागद खणांत ठेविले आणि म्हणालों, "अशा नोटिसा पुष्कळ येतात. पहिल्या तारखेस कांहीं होत नसतें. हातांतला एक मोठा दावा आटोपूं द्या, मग सविस्तर उत्तर देऊं."

मुदत गेली. स्मरणपत्र आलें, तीही तारीख गेली. एकतर्फी निर्णय होऊन त्याचें नांव सहा महिन्यांसाठीं वहींतून काढलें गेलें. निर्णय हातांत आला तेव्हां ती चिठ्ठी माझ्या खणांतच होती. आम्ही अपील केलें. तेथें मला एकच प्रश्न विचारण्यांत आला: बोलण्यास बोलाविलें होतें तेव्हां आपण कां बोललां नाहींत? ज्याचें ऐकून घेतलें नाहीं त्याच्यासाठीं कायद्याजवळ आधार आहे. पण बोलावूनही जो गप्प राहिला त्याच्यासाठीं फारसा नाहीं. मजजवळ उत्तर नव्हतें. अपिलाचा निकाल लागेपर्यंत सहा महिने संपूनही गेले.

त्याचे वडील शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक. ते मला भेटावयास आले. रागावले नाहींत, रागावले असते तर मला सोपें गेलें असतें. म्हणाले, "वकीलसाहेब, पाटी खालीं आली ती गांवानें पाहिली. पुन्हां वर गेली ती कोणीं पाहिली?" रोगी दुसरीकडे गेले ते परतले नाहींत. वर्षभरानें दवाखाना बंद करून मुलगा शहरांत पगारी नोकरीस लागला. त्याची फी मीं परत केली; पण जें गेलें होतें तें फीमध्यें मोजण्यासारखें नव्हतें. त्या दिवसापासून माझ्या खणांत एकही नोटीस एका रात्रीहून अधिक राहिली नाहीं.

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. कोर्टाचें भय तिघांपैकीं कोणीच बाळगूं नये. मुदतीचें भय मात्र तिघांनींही बाळगावें. यजमानांनीं दीरांशीं गोडी आहे तोंवरच पेढीची नोंदणी करून घ्यावी, आणि वर्षाच्या हिशेबावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. बंधूंनीं नेमणुकीच्या कागदाची प्रत घरीं ठेवावी, व सही करण्यापूर्वीं बंधनाचें कलम किती काळापुरतें आहे तें पाहावें. चिरंजीवांनीं पाटीवरचें प्रत्येक अक्षर स्वतः वाचावें, रोग्यांचीं टिपणें नीट जतन करावीं, आणि आपल्या पद्धतीबाहेर पाऊल टाकूं नये. आणि घरांत सरकारी पाकीट आलें तर तें देव्हाऱ्यामागें किंवा कपाटावर न ठेवतां त्याच दिवशीं फोडावें, आलेली तारीख त्यावर लिहावी, व उत्तर किती दिवसांत मागितलें आहे तें सर्वांस सांगावें. वकील "पाहूं सावकाश" म्हणाला, तर त्यास या लेखाची आठवण द्यावी. म्हातारा वकील एवढेंच सांगूं शकतो.