आधी लॉगिन, मग दर्शन!

हल्ली फॉर्म भरायचा असो की नुसती माहिती वाचायची असो, संकेतस्थळ उघडले की पडद्यावर प्रथम दोन रिकाम्या चौकटी येतात. एकीत नाव, दुसरीत पासवर्ड. खाली बारीक अक्षरांत 'नवीन वापरकर्ता? नोंदणी करा.' आत काय आहे हे कळण्यापूर्वीच आपण कोण ते सांगायचे! या पद्धतीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मला तो काढावासा वाटतो. मात्र मी लॉगिनच्या विरुद्ध नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आमचे आय. टी.चे मित्र अंगावर धावून येतील.

त्यांचे म्हणणे खरेही आहे. नुसत्या पुढच्या दाराला कुलूप लावून भागत नाही, आतल्या प्रत्येक पानाने येणाऱ्याला 'तुला अधिकार आहे का?' असे विचारले पाहिजे. तसे झाले नाही, तर पत्त्यातला एक आकडा बदलताच दुसऱ्याची गुणपत्रिका आपल्यासमोर उघडते. संकेतस्थळांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या 'ओवॅस्प' या संस्थेने २०२१ साली धोक्यांची यादी काढली, तेव्हा तिच्यात पहिला क्रमांक याच दोषाला मिळाला. आपल्या दहावी-बारावीच्या निकालाचेच पाहा ना! बैठक क्रमांक आणि आईचे नाव एवढे घातले की निकाल दिसतो. ज्याला बैठक क्रमांक ठाऊक, त्याला आईचे नाव शोधायला कितीसा वेळ लागणार? करी रोडच्या चाळीत तर अर्धा मिनिटही नाही. तेव्हा माझे गुण, माझा अर्ज, माझे बँकेचे खाते यांना कुलूप हवे, आणि ते चांगले भक्कम हवे.

पण गुणपत्रिका माझी. शिष्यवृत्तीचे नियम कोणाचे?

गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीला कोणती कागदपत्रे लागतात एवढेच मला पाहायचे होते. तेवढ्यासाठी नोंदणी करावी लागली. नोंदणीला ओटीपी, आणि ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर. तो मोबाईल बाबांच्या खिशात, आणि बाबा एका टॉवरच्या गेटावर ड्यूटीला! शेजारच्या काकूंच्या फोनवरून मी त्यांना फोन लावला. त्यांनी गेटावरची वही बाजूला सारून सहा आकडे वाचून दाखवले, तोवर मुदत संपलेली. तिसऱ्या खेपेला जमले. आत काय होते? उत्पन्नाचा दाखला, मागील वर्षाची गुणपत्रिका, बँकेचे पासबुक... दहा-बारा ओळींची यादी. यात गुप्त ते काय होते, हे मला आजवर उमगलेले नाही. दाखला काढायला मात्र दिवस लागतात, आणि ही यादी आठवडाभर आधी दिसली असती तर ते हाती उरले असते.

ज्याचा मोठा भाऊ, मामा किंवा आत्या कॉलेजात गेलेली असते, त्याला ही यादी घरीच तोंडपाठ मिळते. ज्याच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारे तोच पहिले माणूस, त्याला विचारायला ते पानच काय ते असते. आणि कुलूप नेमके त्याच पानाला!

आमच्या भागात हा भेद न शिकवता कळतो. चाळीची गॅलरी सर्वांची, खोली बिऱ्हाडाची आणि खाटेखालची ट्रंक ज्याची त्याची. पाणी कधी येणार हे जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिलेले असते. ते वाचण्यापूर्वी कोणी खोली नंबर विचारत नाही. मोफत वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला नाव लागत नाही, पुस्तक घरी न्यायचे तर वर्गणी आणि अनामत लागते. गिरण्या गेल्या, श्रीनिवास मिलच्या जागी गगनचुंबी टॉवर उभे राहिले, आणि त्यांच्या गेटावर आत पाऊल टाकण्यापूर्वी नाव, फोन, कोणाकडे जायचे, सारे सांगावे लागते. तिथे राहणाऱ्यांची ती खाजगी जागा आहे, ठीक आहे. पण लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संकेतस्थळाने टॉवरचे गेट का व्हावे?

सरकारला हे जमत नाही असेही नाही. गावच्या जमिनीचा सातबारा 'महाभूलेख'वर नुसता पाहायचा तर मोबाईल क्रमांक विचारतात, पण खाते काढायला लावत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हवा असेल तर लॉगिन करून पंधरा रुपये भरायचे. पाहणे वेगळे आणि घेणे वेगळे, हे तिथे कोणाच्या तरी लक्षात आले. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर त्याहून स्पष्ट आहे. त्याच्या चौथ्या कलमात सरकारी यंत्रणांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करत राहावी असे आहे, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची पाळीच कमी येईल. आणि सहाव्या कलमाप्रमाणे अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. संपर्कापुरता तपशील सोडला तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागत नाही. जी गोष्ट लेखी अर्ज करणाऱ्याला विचारता येत नाही, ती नुसते वाचायला आलेल्याला मात्र बेधडक विचारली जाते!

कोणी म्हणेल, किती जण आले हे मोजायला नोंदणी लागते. मोजायला आकडा लागतो. जन्मतारीख नि आधार कशाला? जे गोळा केले ते सांभाळावेही लागते, आणि सांभाळणाऱ्याच्या हातून सुटले तर भोगायचे आपण.

आणखी एक विपरीत प्रकार. प्रवेशाच्या गुणवत्ता याद्या नाव, गुण आणि प्रवर्गासह सर्वांना खुल्या असतात. यादी उघडी हवीच, नाहीतर डावलले गेले हे कळणार कसे? पण माझा प्रवर्ग कोणीही वाचावा आणि त्या प्रवर्गाची सवलत कशी मिळते हे मात्र मी लॉगिन करून वाचावे, ही कुठली रीत?

आपल्या महाविद्यालयाचे नवे संकेतस्थळ या वर्षी होणार असे ऐकते. ग्रंथालयाची सूची, वेळापत्रक, फीचे तक्ते, शिष्यवृत्त्यांच्या मुदती आणि कागदपत्रांच्या याद्या पासवर्डविना दिसाव्यात. हजेरी, गुण, पत्ते आणि फोन नंबर आत राहावेत. ही वाटणी प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी एकत्र बसून करावी, संकेतस्थळ बांधणाऱ्या कंपनीवर सोपवू नये. आणि कार्यालयाबाहेरचा फळा काढून टाकू नये.