विश्लेषण : सॉफ्टवेअर बदलून ४जी टॉवरचा ५जी होतो का?

ओडिशातील झारसुगुडा येथून २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले. ९७ हजार ५०० हून अधिक टॉवर, खर्च सुमारे ३७ हजार कोटी रुपये. रेडिओ तेजस नेटवर्क्सचे, कोअर सी-डॉटचा, जुळणी टीसीएसची. हेच टॉवर सॉफ्टवेअर अपडेटने ५जीवर नेता येतील, असेही सांगण्यात आले. दावा खरा आहे, पण अर्धाच.

पेटीत असते काय?

टॉवरवर अँटेनाजवळ असलेली पेटी म्हणजे रेडिओ हेड. फोनकडून आलेला सिग्नल आधी फिल्टरमधून जातो, अॅम्प्लिफायर त्याला बळ देतो आणि एडीसी चिप त्याचे आकड्यांत रूपांतर करते. पुढचे गणित एफपीजीए ही चिप आणि खालच्या कॅबिनेटमधील बेसबँड युनिट करते. एफपीजीएमधील जोडण्या कारखान्यात कायमच्या ठरत नाहीत; नवी फाइल पाठवून त्या पुन्हा मांडता येतात. ‘सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ’ म्हणतात तो हा.

मग अडते कुठे?

फिल्टरपाशी. ७०० मेगाहर्ट्झ बँडमध्ये फोन ७०३ ते ७४८ वर बोलतो, टॉवर ७५८ ते ८०३ वर. टॉवरच्या स्वतःच्या दणक्यात फोनचा क्षीण आवाज बुडू नये, म्हणून दोन्ही वाटा वेगळ्या ठेवाव्या लागतात. हे काम बहुधा धातूत कोरलेल्या पोकळ्या करतात आणि त्यांच्या आकारावर फ्रिक्वेन्सी ठरते. कोणताही अपडेट ती पोकळी लहान करू शकत नाही. पॉवर अॅम्प्लिफायर आणि अँटेनाही ठरावीक बँडसाठीच बनलेले असतात.

म्हणजे आहे त्याच ७०० किंवा २१०० मेगाहर्ट्झवर ५जी सुरू करणे सॉफ्टवेअरने शक्य आहे. फोनवर ५जीचे चिन्ह दिसेल. वेग मात्र बेताचाच वाढेल, कारण तिथे स्पेक्ट्रमची रुंदी कमी. जिओ आणि एअरटेलचा वेग येतो तो ३३०० मेगाहर्ट्झ बँडमधील प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झमधून. त्या बँडसाठी बीएसएनएलला टॉवरवर नवी पेटी चढवावीच लागेल.

‘स्वदेशी’ शब्दालाही मर्यादा आहे. आराखडा, सॉफ्टवेअर, जुळणी भारतातली. पण एफपीजीएचा जागतिक बाजार प्रामुख्याने एएमडी आणि अल्टेरा या अमेरिकी कंपन्यांच्या हाती आहे. भारतात उभ्या राहणाऱ्या चिप कारखान्यांतून या दर्जाची एफपीजीए अद्याप बाहेर पडलेली नाही.