हिरवा दिवा कुणाच्या चालीनं?

दोस्तहो, शाळेच्या पुस्तकात चौक म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा. आपल्या अनुभवात चौक म्हणजे आधी कुणी जायचं हे ठरतं ती जागा. आधी मोटार. मग ट्रेलर. मग फटफटी. मग सायकल. मग हातगाडी. आणि सगळ्यांच्या मागं, पायात स्लिपर घालून, आपण.

आधी कुणी जायचं हा सवाल आपल्याला नवा नाही. पेशवाईत समोरून सवर्ण येत असला तर आपल्या पूर्वजाला सार्वजनिक रस्ता वापरता येत नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ साली हे सगळं लिहून ठेवलंय, कमरेचा झाडू आणि गळ्यातलं मडकं यांच्यासकट. केरळात वायकोमला १९२४ साली सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालण्यासाठी होता. म्हणून रस्ता ही आपल्याला किरकोळ गोष्ट वाटता कामा नये. ‘जातीचा लढा सोडून सिग्नलचं काय लावलंस?’ असं विचारणाऱ्या मित्रांना माझं हे पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर आकड्यात. २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे रोज नव्वद. एखादा मेला तर त्याला अपघात म्हणा. रोज नव्वद मरतात तेव्हा ती रचना असते. कागदावर कुणीतरी रेघ मारलेली असते, त्या रेघेवर आपण मरतो.

ही रेघ कशी मारतात ते मुंबईत बघा. पी. डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी. त्यांच्या नावाचा रस्ता गोदीच्या भिंतीला लागून जातो. तिथूनच २०१३ साली ईस्टर्न फ्रीवे वर चढला. त्यावर दुचाकीला बंदी. २००९ चा सी-लिंक, २०२४ चा अटल सेतू, तिथंही फटफटीला बंदी, मग सायकलचं नावच सोडा. पैसा सगळ्यांचा, पूल मोटारवाल्यांचा. आणि पुलावर चढलेला वेग घेऊन मोटार खाली उतरते ती थेट आपल्या नाक्यावर.

मग पायी चालणाऱ्याचं काय करायचं? साहेबांनी तोड काढली: त्यालाच उचला! २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग शहरभर त्यांचं पीक आलं. मोटार जमिनीवरून सरळ जाणार आणि डोक्यावर बोजा, कडेवर पोर, गुडघ्यात दुखणं घेऊन माणूस दोन मजले चढणार, दोन मजले उतरणार. खालून गेला की म्हणायचं, पब्लिकला शिस्त नाही. च्यायला, एकदा मोटारीला जिना चढायला लावा, मग शिस्तीचं बोलू.

आता सिग्नलचा हिशेब. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून इंजिनियर लोक पायी माणसाचा वेळ काढतात. तीस मीटर रुंद रस्ता असला तर पंचवीस सेकंद लागतात. मी रोज ओलांडतो त्या नाक्यावर घड्याळ लावून मोजलं: हिरवा माणूस चौदा सेकंद. चौदा सेकंदात सतरा मीटर. म्हणजे धडधाकट माणूससुद्धा मध्येच अडकतो. आठ तास माल उचलून पाळी सुटलेला गडी सेकंदाला १.२ मीटर चालत नाही. म्हातारी चालत नाही. मग हा दिवा कुणाच्या चालीनं लावलाय?

ट्रेलरचंही बोललं पाहिजे, कारण ते आमच्याच गोदीतून सुटतात. लांब ट्रेलर डावीकडं वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, आत कापून येतात. डाव्या कुशीतला सायकलवाला ड्रायव्हरला आरशात दिसत नाही. आमच्यातल्या एकाचा पाय असाच गेला. लोक ड्रायव्हरला मारायला धावले. तोही आपल्यासारखाच, रात्रभर जागलेला. कोपरा ऐसपैस गोल करून वळणाला वेग देणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

हे बदलता येतं, आणि पुलाच्या खर्चापुढं हा खर्च चणे-फुटाण्यांचा. कोपऱ्याचा गोल आवळा म्हणजे मोटारीला वळताना वेग मारावाच लागेल. ट्रेलरला जागा लागते, कबूल. त्याच्या मागच्या चाकांसाठी कोपऱ्यावर खडबडीत दगडाचा थोडा उंच पट्टा ठेवा, मोटार त्यावर चढणार नाही. मोकळं डावं वळण बंद करा. रस्त्याच्या मधोमध थांबायला पक्का ओटा द्या. झेब्रा फुटपाथाच्या उंचीला आणा, म्हणजे उतरायचं ते मोटारीनं, माणसानं नाही. हिरवा दिवा आधी पायी माणसाला द्या, पाच-सात सेकंदांनी मोटारीला. सायकलला वेगळा पट्टा, आणि लाल दिव्याला तिची थांबायची रेघ मोटारीच्या पुढं, जिथं ड्रायव्हरला ती समोर दिसते. यातलं काहीही आभाळातून आणायचं नाही.

एक सावधगिरी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथावरून चालण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. चांगलं झालं. पण ते नाव पुढं करून पहिला हातोडा वडापावच्या गाडीवर पडेल. फुटपाथावर चढवलेल्या मोटारी आधी उचला, मग फेरीवाल्याशी बोला.

हॉलंडची कौतुकं आपण ऐकतो, तिथं म्हणे सगळे सायकलवर. ते लोक काय सायकलीवर जन्मले नाहीत. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेवर पोरं. एका पत्रकाराची लेक गेली. १९७२ साली त्यानं लिहिलं: बालहत्या थांबवा. आईबाप रस्त्यावर उतरले, रस्ते अडवले, तेव्हा सरकार हललं. त्याच १९७२ साली आपले पँथर मुंबईच्या रस्त्यावर उतरले होते. रस्ता मागितल्याशिवाय मिळत नाही, हे दोन्हीकडं खरं.

तेव्हा प्रत्येक शाखेनं आपापला एक नाका घ्यावा. कामाच्या दिवशी, पाळी सुटायच्या वेळेला घड्याळ घेऊन उभं राहावं. सेकंद मोजा. पावलांनी रुंदी मोजा. कोण कुठं अडकतं, कुठली गाडी थांबत नाही, सगळं वहीत लिहा. आपल्यात मॅट्रिक झालेले पुष्कळ आहेत, भागाकार येतो. तो कागद वॉर्ड ऑफिसात आणि वाहतूक चौकीत द्या, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर संध्याकाळी दोनशे माणसांनी त्याच झेब्रावरून, म्हातारीच्या चालीनं, दिवा हिरवा असेल तेवढाच वेळ, येरझारा घालाव्यात. कायदा मोडायचा नाही. फक्त आपली चाल दाखवायची. आणि पुसलेले झेब्रे पुन्हा रंगवायचे म्हटलं, तर भिंती रंगवलेले ब्रश आपल्याकडं पडून आहेतच.