सिकलसेलच्या इतिहासातले गाळलेले नाव

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा आजार पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, हातपाय ठणकतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहावे अमिनो आम्ल बदललेले असते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये रासायनिक पद्धतीने दाखवले. पण त्यामुळे रेणू एकमेकांना नेमके कोठे चिकटतात, हे १९७५ मध्ये स्फटिकांवर टाकलेल्या क्ष-किरणांनी उलगडले.

या कथेत मॅक्स पेरुत्झ यांचे १९६२ चे नोबेल हमखास येते. १९३७ साली हाती घेतलेल्या हिमोग्लोबिनचा आराखडा त्यांना १९५९ मध्ये दिसला. मधल्या बावीस वर्षांतला बराच काळ मोजण्यात गेला: फिल्मवरील हजारो ठिपक्यांचा काळेपणा, एकेक करून. हे कष्ट हलके करणारे स्वयंचलित डिफ्रॅक्टोमीटर उली अर्न्ट आणि डेव्हिड फिलिप्स यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये घडवले. फिलिप्स लायसोझाइममुळे तरी आठवतात. उपकरणे घडवण्यात हयात घालवलेले अर्न्ट तळटीपेत राहिले. हा अन्यायच आहे.

आपल्याकडेही भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी क्ष-किरणवाहिनी उभारली आहे. ती घडवणाऱ्यांची नावे तरी आताच लिहून ठेवावीत.