संमती कोणत्या भाषेत?

गेल्या वर्षी एका कॉस्मेटिक सर्जरी क्लिनिकचं माहितीपत्रक मी मराठीत आणलं. विषय होता, स्तनांचा आकार वाढवण्यासाठी बसवायची सिलिकॉन इम्प्लांट्स. मूळ इंग्रजीत शेवटच्या पानावर, बारीक टायपात एक वाक्य होतं : ही इम्प्लांट्स आयुष्यभर टिकतील असं धरून चालू नये. मी ते तसंच लिहिलं. मजकूर तपासून परत आला तेव्हा त्या जागी होतं, 'दीर्घकाळ साथ देणारी'. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, मराठीत ते फार कडक वाटतं."

म्हणजे इंग्रजी वाचणारीला सत्य झेपतं. मराठी वाचणारीला मात्र दिलासा पुरे. माझं नाव काढून टाका, असं मी कळवलं. अनुवादकाचं नाव तसंही छापणार नव्हते. निषेध तिथेच संपला, म्हणून इथे लिहिते आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहासच संमतीच्या प्रश्नापासून सुरू होतो. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसे ही स्त्री छातीवरचं गोंदण काढायला गेली होती. तिथे तिला सिलिकॉन जेलच्या इम्प्लांट्सबद्दल विचारण्यात आलं. तिला खरं तर आपले कान नीट करून हवे होते. कानांचं काम करून देण्याच्या बोलीवर ती तयार झाली. जगातली अशी पहिली इम्प्लांट्स तिची.

पुढचं सगळं नोंदलेलं आहे. १९९२ साली अमेरिकेत त्यांच्यावर निर्बंध आले, २००६ साली उठले. १९९९च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानुसार, त्यांच्यामुळे शरीरभराचे आजार होतात याला पुरावा मिळाला नाही. इम्प्लांट फुटणं, भोवतीचं आवरण आवळणं हे त्रास मात्र खरे. २०१० साली फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने औद्योगिक वापराचं सिलिकॉन भरल्याचं उघड झालं. २०१९ साली खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट्स एका दुर्मीळ लिम्फोमाशी असलेल्या संबंधामुळे बाजारातून परत बोलावली गेली. २०२१पासून अमेरिकेत शस्त्रक्रियेआधी धोक्यांची यादी बाईबरोबर मुद्द्यागणिक वाचावी लागते.

हे मराठीत सांगता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. 'इम्प्लांटभोवती शरीर आवरण तयार करतं. ते कधी आवळतं. मग छाती कडक होते, दुखते. इम्प्लांट आतल्या आत फाटलं तरी कळेलच असं नाही, म्हणून ठरावीक वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी लागते. पुढे ते काढावं किंवा बदलावं लागू शकतं, आणि त्याचा खर्च वेगळा.' यात अवघड काय आहे? अवघड आहे ते विकणाऱ्याला.

पण माझी दुसरी तक्रार आपल्याच माणसांशी आहे. हा प्रसंग साहित्यातल्या मित्रांना सांगितला की ते हसतात. "असल्या बायकांची कसली संमती? बाजाराला बळी पडलेल्या!" शतकानुशतकं स्तनांना कलश आणि कुंभ म्हणणाऱ्या परंपरेचे आपण वारस. मापं आपण ठरवली, आणि त्या मापात बसू पाहणारी बाई उथळ? तिला बळी म्हटलं की तिला काही समजावून सांगायची जबाबदारी संपते. क्लिनिक तिला गिऱ्हाईक समजतं, आपण मूर्ख समजतो; कळण्याचा अधिकार दोघंही नाकारतात.

माझ्या मावसबहिणीने ही शस्त्रक्रिया करून घेतली. इंग्रजी फॉर्मवर सही केली. दोन वर्षांनी एके रात्री तिचा फोन आला. "ताई, सायलेंट रप्चर म्हणजे काय गं?" मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, आता पश्चात्तापाचं काही बोलेल.

ती म्हणाली, "कळलं असतं तरी मी केलंच असतं. पण मग ते मी केलेलं असतं."

तिने काय निवडावं, हे सांगणारी मी कोण? अनुवादक म्हणून माझ्या हातात एवढंच आहे की तिच्या भाषेतलं ते वाक्य कुणी मऊ करू नये. आणि ते शेवटच्या पानावर नको; सहीच्या लगेच वर हवं, मोठ्या अक्षरांत.