गाव बघायला येताय? मग वेशीबाहेरून सुरुवात करा



सध्या 'गाव बघायला' जाण्याची हवा सुटली आहे. हुरडा पार्टी, बैलगाडीत फेरी, चुलीवरची भाकर, बाजेवर बसून फोटो आणि खाली ओळ: 'खरं जगणं इथंच आहे.' माळेगावची यात्रा आली की आमच्या लोहा-कंधार भागातही असे पाहुणे येतात. यात आता आपलीही शिकलेली पोरं दिसतात, म्हणून हे लिहावं लागतंय.

मित्रांनो, 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडला. खेडं हाच राज्यघटनेचा पाया असावा, असा आग्रह तेव्हा काही सदस्यांचा होता. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. त्यांच्या लेखी खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं होतं, म्हणून त्यांनी घटक मानला तो व्यक्तीला. ज्या व्यवस्थेने आपल्या आज्याला गावकीची कामं करायला लावली आणि राहायला वेशीबाहेरची जागा दिली, तिचे गोडवे त्याच्या नातवाने गायचे?

कोणी म्हणेल, 'आता ते दिवस राहिले नाहीत.' 1978 साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं गेलं. ते जुनं झालं म्हणता? मग बोंढार हवेली घ्या. नांदेड शहराला खेटून असलेलं गाव. 1 जून 2023 रोजी तिथे आपल्या एका तरुण भावाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग, हे कारण फिर्यादीत आहे. पाहुण्याला दिसणारं गाव आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला भोगावं लागणारं गाव, ही दोन वेगळी गावं आहेत.

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं आहे. पण कृषी पर्यटन केंद्र काढायला आधी शेत लागतं. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या वाट्याला काय येणार? पाहुण्यांची भांडी आणि अंगणाची झाडलोट. काल सालगडी होता, आज 'पर्यटन केंद्राचा कामगार' झाला. नाव बदललं, मालक तोच.

लोक परदेशातल्या खेड्यांचे दाखले देतात, त्यात स्पेनचा हटकून असतो. स्पेन म्हटलं की आपल्या पोरांना सिनेमातली बुन्योल गावची टोमॅटोची होळी आठवते. टोमॅटो पिकवतो कोण, हे कोणी विचारत नाही. त्याच देशाच्या दक्षिणेला आल्मेरियाच्या प्लास्टिकच्या शेडमध्ये मोरोक्को आणि आफ्रिकेतून आलेले मजूर राबतात. त्यातले कितीतरी पाली-खोपटांत राहतात. फेब्रुवारी 2000 मध्ये तिथल्या एल एखिदो गावात या मजुरांवर जमावाने दिवसेंदिवस हल्ले केले, त्यांची घरं-दुकानं फोडली. तिथे जात नाही, पण वेस आहे. राबायला हवा, शेजारी नको, हा हिशोब तोच.

तरीही त्याच आंदालुसियात बघण्यासारखं एक गाव आहे, मारिनालेदा. लोकसंख्या तीन हजारांच्याही आत. सगळे भूमिहीन शेतमजूर, आणि भोवतालच्या जमिनी सरदार-सरंजामदारांच्या. 1980 साली शेकडो गावकऱ्यांनी उपोषण केलं. पुढे एका ड्यूकच्या पडीक जमिनीवर पुन्हा पुन्हा कब्जा केला, पोलिसांनी पुन्हा पुन्हा हुसकावलं. अखेर 1991 मध्ये 1,200 हेक्टर, म्हणजे जवळपास तीन हजार एकर जमीन गावाच्या सहकारी शेतीला मिळाली. आज जगभरातून लोक ते गाव बघायला जातात. तिथली भाकर गोड लागते म्हणून जात नाहीत. मजुराने जमीन कशी मिळवली, हे समजून घ्यायला जातात.

हा रस्ता आपल्याला नवा आहे का? मुळीच नाही. 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. बाया-बापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. त्या रेट्यामुळेच पुढे 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. मारिनालेदाला जमीन मिळाली त्याच 1991 सालातला हा निर्णय! त्यांची जमीन गावाच्या ताब्यात आली. आपल्याकडे कसणारा म्हातारा झाला, तरी किती जणांचं नाव सातबाऱ्यावर चढलं?

दादासाहेबांच्याच नावाच्या योजनेत भूमिहीन बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळू शकते. पण त्यासाठी कोणीतरी जमीन विकायला तयार हवा. पैसा सरकारचा असला तरी आपल्या माणसाला बांधाचा शेजारी करून घ्यायला गाव तयार होत नाही. इथे योजना अडते. हे पुण्या-मुंबईत बसून कळत नाही.

'बाबासाहेबांनी तर गाव सोडायला सांगितलं, मग परत कशाला जायचं?' हा प्रश्नही येतो. सोडाच. पण 1942 च्या नागपूर परिषदेपासून स्वतंत्र वसाहतींची मागणी होती, त्यात जमिनीची मागणीही होती. नुसतं उठून शहराच्या झोपडपट्टीत जा, असं त्यात नव्हतं. जे शिकले ते निघाले. मागे राहिलेल्या मावशी-काकांच्या हातात ना जमीन, ना वसाहत.

म्हणून तरुणांनो, गावात जरूर या. पण बौद्धवाड्यात आणि मातंगवाड्यात मुक्काम करा, भटक्यांच्या पालावर बसा. वही आणा. गायरान कोण कसतंय, किती वर्षांपासून, दंडाची पावती आहे का, तलाठ्याने नोंद घेतली का, हे लिहून घ्या. आपल्या वस्तीला स्मशानभूमी आहे का आणि तिची वाट कोणाच्या शेतातून जाते, ते बघा. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकून मगच परतीची गाडी पकडा. आणि सहा महिन्यांनी उत्तर घेऊन पुन्हा या.

फोटो काढायचाच असेल तर नाव लागलेल्या सातबाऱ्याचा काढा.

जयभीम! नमो बुद्धाय!