आजीबाईंची गुणपत्रिका

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मास्तराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. एकाच निबंधाला एक परीक्षक 55 गुण देतो, दुसरा 38. म्हणून तर विद्यापीठाने फेरतपासणी ठेवली आहे. पण वाचकहो, वृद्धाश्रमातल्या ऐंशीच्या माणसांचीही हल्ली परीक्षा होते आणि तिथे फेरतपासणीचा अर्ज कुणी करीत नाही!

आमच्या राजापेठेतल्या घरी पूर्वी स्वयंपाकाला येणाऱ्या एक बाई आता एका वृद्धाश्रमात असतात. यंदा भेटायला गेलो, तो त्यांची खाट मागल्या खोलीत हलविलेली. ती म्हणे विसरभोळ्यांची खोली. दोन-चार दिवसांपूर्वी कुणी कागद घेऊन आले होते. 30 पैकी 13 गुण पडले.

"तारीख मले नाही सांगता आली, सर," बाई म्हणाल्या. "आज तेरस हाय म्हटलं, परवा कोजागरी. थे त्यानं लिवलंच नाही. मंग म्हणे कितवा मजला? आता मजला कोठचा, बाप्पा? वर तं कवेलू हाय!"

ही प्रश्नावली फोलस्टाइन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी 1975 साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. शंभरातून सात-सात वजा करा, कागदावरचे वाचून डोळे मिटा, एक पूर्ण वाक्य लिहा, असे तिचे स्वरूप. जन्मात पाटी न धरलेल्या बाईने वाक्य कसे लिहावे? बरे, परीक्षक बेफिकीर होता म्हणावे, तर तसेही नाही. तिघे पाठविले असते तरी तिघांनीही 13 च दिले असते. परीक्षकांचे असे एकमत झाले की शास्त्रात तिला विश्वसनीय चाचणी म्हणतात. पण दर खेपेला 100 ग्रॅम कमी दाखविणारा काटाही तितकाच विश्वसनीय असतो की! मापात सातत्य आहे का, हा एक प्रश्न. जे मोजायचे तेच मोजले का, हा अगदी निराळा.

आपल्याकडे हे कुणाला सुचलेच नाही असे मात्र नाही. हरियाणातील बल्लभगड भागात, जिथे बहुतेक म्हातारी माणसे निरक्षर, तिथे डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परीक्षा हिंदीत नव्याने बांधली; 1995 साली ती प्रसिद्ध झाली. वाचून डोळे मिटण्याऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा'. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा'. नुसते भाषांतर करून हे साधत नाही. पुढे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने अशा चाचण्यांचा संच पाच भाषांत केला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम! त्या पाचांत मराठी नव्हती; मग वऱ्हाडीची काय कथा!

देहाच्या परीक्षेचीही तीच गत. 1965 साली अमेरिकेतच निघालेल्या बार्थेल मोजपट्टीचे 100 गुण, दहा बाबी. आंघोळ स्वतः केली तर 5, नाही तर शून्य. आता सकाळच्या घाईत सेविका आठ जणींना ओळीने बसवून स्वतःच पाणी घालते. मग आजीला आंघोळ करता येत नाही, की करू दिली जात नाही? कागदावर दोन्ही शून्यच. जेवणाच्या गुणांत लोणी लावता येते का, हेही मूळ पट्टीत पाहिले आहे. भाकरी मोडून झुणक्याशी खाणाऱ्याला हा प्रश्न काय कामाचा?

तरी कागदच नको, असे मी म्हणणार नाही. कुरकुर करणाऱ्या म्हातारीला चळलेली ठरवायला तर कागदही लागत नाही. तिथे छापील प्रश्न बरे. पण अशी प्रश्नावली म्हणजे चाळणी. चाळणीत अडकले ते डॉक्टरांनी नीट पाहायचे असते, थेट मागल्या खोलीत टाकायचे नसते.

तुमचे कुणी अशा ठिकाणी असेल, तर या दिवाळीत चिवडा-चकलीचा डबा घेऊन जालच. तेव्हा कार्यालयात तो कागदही पाहायला मागा. प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता का, कानाचे यंत्र लावले होते का, आणि दुसऱ्या कुणी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून पाहिले का, एवढे विचाराच.